चिताऱ्याचा अर्ज: ‘लास मेनिनास’च्या अर्थनिर्णयाचा आढावा

चित्रात सत्ता कोठे असते, हा प्रश्न दरबारी चित्रांपुरता तरी सोपा वाटतो. कारण त्यांचा जुना शिरस्ता असा की, ज्याच्या हाती राज्य तो मध्यभागी, उंचावर आणि इतरांहून भव्य काढावयाचा, व बाकीच्यांनी आपापल्या मानमरातबाप्रमाणे त्याच्या डाव्या-उजव्या हातास उभे राहावयाचे. दिएगो वेलास्केस या स्पॅनिश चित्रकाराने १६५६ साली, म्हणजे शिवाजीमहाराजांनी जावळी घेतली त्याच वर्षी, माद्रिदच्या राजवाड्यात जे चित्र रंगविले आणि जे आज ‘लास मेनिनास’ या नावाने तेथील प्रादो संग्रहालयात आहे, त्यात हा शिरस्ता उघडउघड मोडलेला दिसतो. राजा आहे, पण मागच्या भिंतीवरील लहानशा आरशात, राणीच्या शेजारी, धूसर. मध्यभागी आहे ती त्याची पाच वर्षांची कन्या. आणि राजाहून कितीतरी ठळकपणे, कुंचला व रंगपाटी हाती घेऊन उभा आहे तो राजाचा चाकर असलेला खुद्द चितारी. या मांडणीचा अर्थ काय, आणि तीत कोण कोणावर सत्ता गाजवतो, याविषयी गेली तीनशे वर्षे इतके लिहिले गेले आहे की, चित्रापेक्षा टीकाच अधिक दाट झाली आहे. त्या टीकेतील मुख्य पक्ष कोणते, प्रत्येकाच्या पदरी पुरावा किती, आणि त्यांतून टिकण्याजोगे काय उरते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम चित्रातील माणसांची हजेरी घेणे इष्ट. चित्र सुमारे सव्वातीन मीटर उंच व पावणेतीन मीटर रुंद असल्यामुळे पुढील आकृती जवळजवळ माणसाएवढ्याच आहेत. जागा माद्रिदच्या आल्कासार राजवाड्यातील एक दालन. पूर्वी ते युवराज बाल्तासार कार्लोस याच्याकडे होते, आणि १६४६ साली तो अकाली वारल्यावर चित्रकाराच्या कामासाठी देण्यात आले. मध्यभागी राजकन्या मार्गारिता. तिच्या डाव्या-उजव्या अंगास, सेवेस असलेल्या दोन कुलीन मुली, मारिया आगुस्तिना सार्मिएन्तो आणि इसाबेल दे वेलास्को. उजव्या कोपऱ्यात मारी बार्बोला ही जर्मन खुजी स्त्री, आणि निद्रिस्त दिसणाऱ्या दांडग्या कुत्र्यावर पाय ठेवणारा निकोलासितो पेर्तुसातो हा इटालियन खुजा. त्यांच्या मागे सावलीत राजकन्येच्या परिवारावर देखरेख ठेवणारी विधवा मार्सेला दे उल्योआ व एक रक्षक. आणि अगदी मागे, उजेडात उघडलेल्या दारातील पायऱ्यांवर, राणीच्या महालाच्या व्यवस्थेचा अधिकारी होसे निएतो. आरशातील राजा फिलिप चौथा व राणी मारियाना धरून अकरा माणसे. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, राजकुटुंब वगळता यांतील प्रत्येक जण कोणत्या ना कोणत्या हुद्द्यावर तैनात आहे, प्रत्येकाचे नाव राजवाड्याच्या दफ्तरात कोठेतरी शिध्या-पगारासह नोंदलेले आहे, आणि प्रत्येकाची उभे राहण्याची तऱ्हा त्याच्या कामाने ठरवून दिलेली आहे. मारिया आगुस्तिना गुडघे टेकून एका तबकातून तांबड्या मातीची सुरई पुढे करते आहे. ती गुडघे टेकते ते मायेने नव्हे. राजघराण्यातील व्यक्तीस, ती पाच वर्षांची पोर असली तरी, पाणी देण्याची हीच रीत आहे, आणि ही रीत सोळाव्या शतकात बर्गंडीच्या घराण्याकडून स्पेनच्या दरबारात आलेल्या कडक रिवाजाचा एक लहानसा अंश आहे. राजकन्येचा हात सुरईकडे वळला आहे. पण दृष्टी तिकडे नाही, कारण सेवा करणाऱ्याकडे पाहण्याचे तिला प्रयोजन नाही. सत्तेचे इतके सूक्ष्म आणि इतके निर्विकार चित्रण दुसरीकडे क्वचितच सापडेल.

या चित्राचा पहिला विस्तृत टीकाकार आन्तोनिओ पालोमिनो. तो स्वतः दरबारी चितारी होता, आणि त्याने १७२४ साली प्रसिद्ध केलेल्या स्पॅनिश कलावंतांच्या चरित्रांत या चित्रातील बहुतेक माणसांची नावे नोंदवून ठेवली. ती नसती तर पुढील सगळी चर्चा अंधारात चाचपडत राहिली असती. आरशाविषयीही त्याचे मत नि:संदिग्ध आहे: चितारी आपल्या समोरच्या प्रचंड फलकावर काय रंगवीत आहे, हे पाहणाऱ्यास कळावे म्हणून ही युक्ती योजिली असून, राजा-राणीची छबी त्या फलकावरूनच आरशात पडली आहे. पालोमिनो जुन्या ग्रीसमधील फिडियसाचे स्मरण देतो, ज्याने देवतेच्या ढालीवर आपली आकृती अशा रीतीने कोरली की ती काढून टाकली असता मूर्तीच भंगावी. आणि सुचवितो की, राजकन्येच्या चित्रात स्वतःस गोवून वेलास्केसनेही आपले नाव तिच्या नावाइतकेच चिरंजीव केले. म्हणजे चित्रकाराची महत्त्वाकांक्षा ही गोष्ट आधुनिक पंडितांनी शोधून काढली, असे समजण्याचे कारण नाही. एकोणिसाव्या शतकाला मात्र या महत्त्वाकांक्षेपेक्षा चित्रातील सहजतेचे कौतुक अधिक वाटले. १८८८ साली वेलास्केसवर मोठा ग्रंथ लिहिणारा जर्मन पंडित कार्ल युस्ती याच्या दृष्टीने हा राजवाड्यातील एक योगायोगाने सापडलेला क्षण होता, आणि चित्रकाराने तो जसाच्या तसा पकडला. फोटोग्राफीच्या नवलाईत वावरणाऱ्या पिढीला हे पटणे स्वाभाविक होते. परंतु ज्या दरबारात पाण्याचा पेला देण्यासही विधी होता, तेथे चित्रकाराने राजकन्येशेजारी उभे राहणे हा योगायोग कसा मानावा, याचे उत्तर या पक्षाजवळ नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यास प्रतीकांचा शोध घेणारा पक्ष पुढे आला. मागच्या भिंतीवर, छताजवळच्या काळोखात, दोन मोठी चित्रे टांगलेली दिसतात. ती वेलास्केसचा जावई माझो याने केलेल्या नकला होत. एक रुबेन्सच्या चित्राची, ज्यात देवी मिनर्व्हा आपल्याशी विणण्यात स्पर्धा करणाऱ्या आराक्नीला शासन करते, आणि दुसरी योर्डान्सच्या चित्राची, ज्यात अपोलो देव वाद्यवादनात पॅनवर मात करतो. १९४९ साली शार्ल द तोलने यांनी असे प्रतिपादन केले की, दोन्ही कथांत दैवी कला केवळ हस्तकौशल्यावर विजय मिळविते, आणि चित्रकाराने त्या आपल्या मस्तकावर मुद्दाम टांगल्या आहेत. १९६१ साली डच पंडित एमेन्स यांनी याच पुराव्यावरून जवळजवळ उलट अर्थ काढला: त्यांच्या मते येथे कलेचा नव्हे, राजनीतीचा उपदेश आहे, वरिष्ठांशी स्पर्धा करणाऱ्यांचे काय होते हे त्या कथा सांगतात, आणि हे चित्र राजकन्येच्या शिक्षणाचे व विवेकाचे रूपक आहे. एकाच काळोख्या चौकटीतून दोन विद्वानांना दोन भिन्न तत्त्वे सापडावीत, यावरूनच प्रतीकशोधाच्या पद्धतीचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा दोन्ही ध्यानात यावीत. राजवाड्याच्या पुढील काळातील याद्यांवरून असे सिद्ध होते की, या दालनात माझोच्या नकला खरोखरीच टांगलेल्या होत्या. तेव्हा चित्रकाराने त्या अर्थासाठी कल्पिल्या नाहीत. तथापि येथे एक उपप्रश्न उरतोच, कारण राजवाड्यातील चित्रे कोठे लावावयाची, हे ठरविण्याचे काम बव्हंशी खुद्द वेलास्केसच्याच अखत्यारीत होते. आणि आराक्नीची कथा त्याच्या मनात घोळत होती, याचा पुरावा त्याच्याच ‘सूत कातणाऱ्या स्त्रिया’ या चित्रात आहे. प्रतीक आहे, असे आम्ही म्हणू. पण ते चित्राचे मर्म नव्हे. ज्या गोष्टीला चित्रकाराने इतका थोडा उजेड दिला, तिच्यावर सगळ्या अर्थाचा डोलारा उभारणे हे चित्र डोळ्यांनी पाहण्यापेक्षा कोशात शोधण्यासारखे आहे.

याच प्रश्नाला अमेरिकन इतिहासकार जोनाथन ब्राउन यांनी १९७८ साली दफ्तराच्या बाजूने हात घातला, आणि आमच्या मते या वादाला सर्वांत मोठा आधार तेथून मिळाला. त्या काळी स्पेनमध्ये चित्रकार हा कायद्याने व लोकमताने कारागीर गणला जाई. चित्रांवर इतर मालाप्रमाणे विक्रीकर बसवावा की नाही, यावर चित्रकारांना पिढ्यान्‌पिढ्या सरकारदरबारी भांडावे लागले, आणि १६३३ साली विसेन्ते कार्दुचो याने चित्रकलेच्या प्रतिष्ठेवर लिहिलेल्या संवादग्रंथामागे हेच भांडण होते. वेलास्केस १६२३ साली राजाचा चितारी झाला खरा. पण एके काळी त्याचा रोजचा शिधा राजाच्या न्हाव्यांच्या बरोबरीने ठरविला गेला होता. पुढे तो एकेक पायरी चढत १६५२ साली राजवाड्याचा मुख्य व्यवस्थापक झाला. आपल्याकडील जुन्या परिभाषेत सांगावयाचे तर, फरासखाना आणि राजाच्या मुक्कामाचा सगळा बंदोबस्त त्याच्या हवाली होता. चित्रात त्याच्या कमरेला जी किल्ली दिसते, ती या अधिकाराची खूण. एवढ्यावर समाधान न होऊन त्याला सान्तियागो या सरदारी पंथाची दीक्षा हवी होती, आणि राजाने १६५८ साली त्याचे नाव सुचविल्यावर जी चौकशी झाली तीत १४८ साक्षीदारांच्या जबान्या घेण्यात आल्या. त्यांत सुरबारान व आलोन्सो कानो यांसारखे चित्रकारही होते; आणि वेलास्केसने कधी दुकान मांडले नाही, पैशासाठी चित्र रंगविले नाही, जे केले ते केवळ राजाच्या मर्जीसाठी, अशी साक्ष देण्यात आली. तरीही कुळाच्या पुराव्यात उणीव निघाली, पोपकडून खास माफी आणावी लागली, आणि अखेर १६५९ च्या नोव्हेंबरात त्याला सनद मिळाली. चित्रात त्याच्या छातीवर जो तांबडा क्रूस आहे, तो अर्थातच नंतर रंगविलेला आहे. खुद्द राजानेच तो काढला, असे काही लोक म्हणत, हे पालोमिनोने नोंदले आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, तिने अर्ज आणि त्यावरील शिक्कामोर्तब हे दोन्ही एकाच फलकावर आणून ठेवले.

कारण हे चित्र म्हणजे एक अर्जच होय. दरबारी भाषेतला, अदबीचा, परंतु मागणी स्पष्ट असलेला. चित्रकाराच्या हाताकडे जवळून पाहिले तर हे उलगडते. सगळे सेवक कामात आहेत; हा एकटा थांबलेला आहे. कुंचला रंगपाटीपाशी आहे, फलकापासून दूर, अंग किंचित मागे झुकलेले, दृष्टी समोर. हात तर इतक्या सैल फटकाऱ्यांत सोडून दिला आहे की जवळ जावे तो बोटे आणि कुंचला यांची सीमाच हरवते, आणि चेहरा मात्र स्थिर व पूर्ण आहे. चित्रकला ही हाताची मजुरी नसून मनाचा व्यापार आहे, हा कार्दुचोच्या पानोपानी चाललेला युक्तिवाद येथे एका थांबलेल्या हाताने केला आहे.

१९६६ साली मिशेल फूको या फ्रेंच तत्त्वज्ञाने आपल्या एका प्रख्यात ग्रंथाचा आरंभच या चित्राच्या विवेचनाने केला, आणि मग हा विषय इतिहासकारांच्या हातून निसटून तत्त्वज्ञांच्या हाती गेला. फूकोचे म्हणणे थोडक्यात असे: ज्याच्याकडे सगळे पाहतात ते स्थान चित्राच्या बाहेर आहे, तेथे राजा आहे, तेथेच प्रेक्षक आहे, आणि चित्र रंगविताना तेथेच चितारीही होता, सगळ्या दृश्याला अर्थ देणारे हे स्थान स्वतः मात्र दृश्यात येऊ शकत नाही, आणि त्या युगाच्या ज्ञानव्यवस्थेची हीच घडण होय. या विवेचनासाठी त्याने माणसांची विशेषनावे जाणूनबुजून बाजूस ठेवली. १९८० साली अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी, हे चित्र चिताऱ्याच्या नव्हे तर त्याच्यासमोर बसलेल्यांच्या दृष्टिस्थानावरून रंगविले असल्यामुळे विरोधाभास उत्पन्न होतो, असे मांडले. त्याच वर्षी जोएल स्नायडर व टेड कोहेन यांनी या दोघांच्याही गृहीतावर साधा भूमितीचा आघात केला: छत व भिंत यांच्या रेषा लांबविल्या असता त्या आरशात नव्हे, तर दारातील निएतोच्या हातापाशी मिळतात, म्हणजे प्रेक्षकाचे स्थान दारासमोर आहे, आरसा त्याच्या डावीकडे पडतो, आणि अशा स्थितीत त्या आरशात समोर उभा असलेला राजा दिसणार नाही, दिसेल तो फलकाचा पुढचा भाग. पालोमिनोचे अडीचशे वर्षांपूर्वीचे विधान अशा रीतीने रेषांनी पडताळले गेले. लिओ स्टाइनबर्ग यांनी १९८१ साली दाखविले की, फलकाची मध्यरेषा राजकन्येवरून जाते, रेषांचे केंद्र दारात आहे, आणि लक्ष आरशाकडे ओढले जाते. अशी तीन केंद्रे एकमेकांना स्थिर होऊ देत नाहीत. स्वेतलाना आल्पर्स यांनी १९८३ साली उलट कलेतिहासकारांनाच धारेवर धरले, की या चित्रावरील मोलाचे लेखन तत्त्वज्ञाकडून का यावे. प्रश्न रास्त होता. पण त्याचे उत्तर दफ्तरातच पडून होते. १६६६ च्या यादीत हे चित्र राजाच्या उन्हाळी महालातील खासगी कामाच्या खोलीत नोंदलेले आहे. ते लोकांसाठी नव्हतेच. ज्या स्थानाला फूकोने तत्त्वज्ञानातील रिक्त सिंहासन केले, तेथे एक खराखुरा राजा येऊन उभा राही, आणि आपल्या मागच्या आयुष्यातील माणसे आपल्याकडे मान वळवून पाहत आहेत असे त्याला दिसे.

त्याच यादीत आणखी एक बोलकी गोष्ट आहे. कारकुनाने चित्राचे वर्णन, राजकन्या, तिच्या सेवेतील मुली आणि एक खुजी व्यक्ती, इतकेच केले आहे. चिताऱ्याचा उल्लेखच नाही. अवघ्या सहा वर्षांपूर्वी वारलेल्या त्या अधिकाऱ्याला त्याच्याच चित्राच्या नोंदीत जागा मिळाली नाही. अर्ज राजाने वाचला असेल. दफ्तराने वाचला नव्हता.

वंशपरंपरेच्या बाजूने अर्थ लावणाराही एक पक्ष आहे. १६५६ साली फिलिपला हयात औरस मुलगा नव्हता. थोरली मुलगी मारिया तेरेसा हिचा विवाह फ्रान्सच्या राजाशी होण्याचा संभव होता, आणि तो १६६० साली झालाही. प्रादोतील मानुएला मेना यांनी १९८४ च्या स्वच्छतेनंतर, क्ष-किरणांनी दिसलेल्या फेरफारांवरून असे मत मांडले की, मूळ चित्र मार्गारितेला वारस म्हणून दाखविणारे होते, आणि १६५७ च्या नोव्हेंबरात फेलिपे प्रोस्पेरो हा मुलगा झाल्यावर त्याचे प्रयोजन संपल्यामुळे चित्रकाराने नंतर स्वतःची आकृती घातली. खालच्या रंगाचा अर्थ लावण्याविषयी मतभेद असल्यामुळे हा निकाल अद्याप कायम झालेला नाही. परंतु त्याने एवढे अवश्य केले की, मध्यभागातील मुलगी ही नुसती निमित्तमात्र नसून, सगळ्या राज्याची चिंता जिच्याभोवती गोळा झाली होती अशी व्यक्ती आहे, याचे स्मरण दिले. ती पुढे सम्राट लिओपोल्ड याची पत्नी झाली आणि १६७३ साली वयाच्या एकविसाव्या वर्षी वारली. मधोमध उभे असणे म्हणजे सत्ताधारी असणे नव्हे. ती वाटाघाटींतली मोलाची ठेव होती, आणि ठेवीला स्वतःची मर्जी नसते.

अखेरचा पक्ष चित्राच्या कडेकडेने पाहणाऱ्यांचा. होसे मोरेनो विल्या यांनी राजवाड्याच्या हिशेबांतून खुज्या माणसांची व विदूषकांची माहिती गोळा करून १९३९ साली मेक्सिकोत प्रसिद्ध केली, तेव्हा करमणुकीची वस्तू समजल्या गेलेल्यांना प्रथमच नाव, शिधा आणि कपडालत्ता प्राप्त झाला. पालोमिनोने मारी बार्बोलाच्या भयप्रद रूपावर एका शब्दात शेरा मारून तिला सोडून दिले होते. चित्रकाराने मात्र तिला चिताऱ्याइतकेच स्थिर व थेट पाहावयास लावले आहे. निकोलासितो तर पुढे राजाच्या खासगी सेवेतील हुद्द्यापर्यंत चढला. म्हणजे बढतीचा मार्ग त्यालाही उघडा होता. ज्याला तो उघडा नव्हता, तो चित्रात नाही: हुआन दे पारेखा हा वेलास्केसच्या कारखान्यातील पूर्वीचा गुलाम. त्याचे अप्रतिम व्यक्तिचित्र वेलास्केसने १६५० साली रोममध्ये रंगविले आणि त्याच वर्षी त्याच्या मुक्तीचा लेख करून दिला, चार वर्षांनी अमलात येणारा. चित्रकला ही स्वतंत्र पुरुषाची कला आहे, असे सांगणाऱ्या माणसाच्या घरात त्या कलेचे रंग खलणारा हात १६५४ पर्यंत परतंत्र होता, ही गोष्ट प्रतिष्ठेच्या युक्तिवादाबरोबर तोलून पाहिलीच पाहिजे. २०१० साली बायरन हॅमन यांनी याही पलीकडे जाऊन त्या सुरईकडे बोट दाखविले. तांबड्या मातीचे ते भांडे मेक्सिकोतले, खालच्या तबकाचे रुपे पेरूच्या खाणींचे, आरशातील पडद्याचा तांबडा रंग मेक्सिकोच्या किड्यांपासून काढलेला, असे त्यांचे प्रतिपादन आहे. भांड्याचे मूळ कोणी नाकारले तरी मुद्दा पडत नाही. आरशातला तो धूसर माणूस १६४० पर्यंत पोर्तुगालचाही राजा असल्यामुळे गोवा आणि वसई यांचाही धनी होता. त्याच्या मुलीच्या एका घोट पाण्यामागे जे जग उभे होते, त्याची एक कडा एके काळी आपल्या किनाऱ्यालाही लागली होती.

या सर्व पक्षांची बेरीज करणे शक्य नाही, कारण त्यांतील काही परस्परांना छेद देतात. पण त्यांची प्रतवारी लावता येते. जो अर्थ हुद्दे, रिवाज आणि चित्राची मूळ जागा यांच्या नोंदींशी विसंगत आहे, तो कितीही मनोहर असला तरी बाजूस ठेवावा. जो नोंदींशी जुळतो, त्याची रेषांच्या भूमितीवर परीक्षा घ्यावी. आणि या दोहोंतून जो उतरला, त्यालाच प्रतीकांचे अलंकार चढवावेत. या कसोटीवर आम्हांस जे उरलेले दिसते ते असे: हे चित्र राजसत्तेविरुद्धचे बंड नव्हे, आणि खुशामतही नव्हे. एका वरिष्ठ सेवकाने, एकाच वाचकासाठी, त्याच्याच खासगी खोलीत ठेवण्याजोगा केलेला हा दावा आहे. आणि तो मान्य होणे सर्वस्वी त्या वाचकाच्या मर्जीवर अवलंबून असल्यामुळे, चित्रातील चिताऱ्याचे स्वातंत्र्य हे दिलेले स्वातंत्र्य आहे. तो दावा जितका यशस्वी, तितकी ज्यांना दावा करताच आला नाही त्यांची अनुपस्थिती अधिक बोचणारी, हेही त्याच हिशेबात धरले पाहिजे. राजवाड्यातील सत्ता कधीच निराकार नव्हती. तिला नाव होते, पगार होता, उभे राहण्याची ठरलेली जागा होती. फूकोने विचाराच्या सोयीसाठी नावे बाजूस ठेवली. हे चित्र समजून घेणाऱ्याने आमच्या मते नावांपासूनच आरंभ करावा.